वसतिगृह सुटले, नऱ्ह्याला चौघांनी फ्लॅट घेतला. सत्राच्या सुरुवातीलाच घडी कशी बसवावी?

प्रश्न : जिंतूर_ते_पुणे

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याचा असून पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्राधान्य असल्यामुळे आम्हा चौघा मित्रांना बाहेर पडावे लागले, आणि धावपळ करून आम्ही १ जुलैपासून नऱ्हे येथे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. महिन्याचे भाडे १८,००० रुपये, डिपॉझिट ६०,००० रुपये आणि एजंटाचे एक महिन्याचे भाडे, असे मिळून प्रत्येकाच्या घरून एकाच आठवड्यात २४,००० रुपये मागवावे लागले. माझ्या वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. बियाणे-खतासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांनी ही रक्कम काढून दिली, त्यामुळे ती बुडाली तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही.

डिपॉझिट आम्ही रोख दिले आणि त्याची पावती आमच्याकडे नाही. करार कधी करायचा, असे विचारले की एजंट ‘पुढच्या महिन्यात बघू, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू’ असे सांगतात. घरमालक स्वतः सज्जन वाटतात, परंतु त्यांच्याशी आमचे बोलणे एकदाच झाले आहे.

दुसरी अडचण रोजच्या जगण्याची आहे. वसतिगृहात ताट समोर येत होते. इथे सकाळी दूध कोणी आणायचे इथपासून ठरवावे लागते आणि ते ठरत नाही. सोसायटीला बहुतेक दिवस टँकरचे पाणी असते. सत्र सुरू होऊन बारा दिवस झाले. माझा पहिल्या वर्षाचा एम टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, बॅक राहिला आहे, आणि घरात रात्री दीड वाजेपर्यंत कोणी ना कोणी मोठ्याने बोलत असल्यामुळे या बारा दिवसांत त्याचे एकही प्रकरण सलग वाचून झालेले नाही. ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया सांगावे की यातले आधी काय हातात घ्यावे.

उत्तर १ : नऊ_वर्षे_भाडेकरू

आधी करार हातात घ्या, आणि तो याच आठवड्यात घ्या. मी लातूरहून पुण्यात शिकायला आलो आणि नोकरीलाही इथेच राहिलो. नऊ वर्षांत पाच घरे बदलली, आणि ज्या एका घराचा करार नोंदवलेला नव्हता, नेमके त्याच घराचे डिपॉझिट मला परत मिळाले नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा वेळी वाद उद्भवला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे सगळे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहिले आहे. मालकांना धाक घालण्यासाठी ते वापरू नका, कारण वर्षभर तुम्हाला त्यांच्याच घरात राहायचे आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, हा समज मात्र मनातून काढून टाका.

खर्चाची भीती बाळगू नका. मुद्रांक शुल्क हे एकूण भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. तुमच्या रकमा धरून वर्षभराचा हिशेब केला तर ते साडेपाचशे रुपयांच्या आसपास येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. नऱ्हे २०२१ पासून पुणे महापालिकेत असल्यामुळे तुम्हाला हीच फी लागेल. यावर एजंट त्याची मजुरी घेईल, ती आधी विचारून घ्या. कचेरीत जावे लागत नाही. अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरी येतो आणि आधारवरून ओळख पटवून काम करतो.

आता एक गोष्ट, जी पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आली नव्हती. सगळीकडे अकरा महिन्यांचा करार करण्याची रीत आहे. तुमचा करार १ जुलैपासून धरला तर तो ३१ मे रोजी संपतो, आणि तुमच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षा साधारण मे-जूनमध्येच असतात. पेपर चालू असताना कपाट, गाद्या, गॅस उचलून नवीन घर शोधणे किती जड जाते ते मी भोगले आहे. अकरा महिन्यांचे कोणतेही कायदेशीर बंधन नाही. नोंदणी करायचीच आहे तर ती बारा महिन्यांच्या कराराचीही करता येते. मालकांना हे कारण मोकळेपणाने सांगा.

करारात चौघांचीही नावे घाला. एकाच्याच नावावर करार झाला आणि दोघे मध्येच सोडून गेले, तर उरलेल्या भाड्यासाठी मालक त्या एकालाच धरतील. डिपॉझिट ६०,००० रुपये रोख मिळाले, हे वाक्य तारखेसह लिहून घ्या. घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे असतील तर किती, आणि नोटीस किती दिवसांची, हेही त्यातच येऊ द्या. करार होईपर्यंत निदान एवढे करा : ‘अमुक तारखेला आम्ही आपल्याला डिपॉझिटचे ६०,००० रुपये रोख दिले, कृपया मिळाल्याचे कळवावे’ असा नम्र संदेश मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा. पुढचे भाडे रोख देऊ नका, यूपीआयने द्या.

उत्तर २ : वारज्याची_घरमालकीण

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरी लिहिते. आमचा एक फ्लॅट गेली काही वर्षे विद्यार्थ्यांनाच देत असल्यामुळे घरमालकाच्या मनात काय असते ते सांगावेसे वाटले.

एजंटाला मध्ये ठेवू नका. चौघे मिळून, आधी फोन करून, मालकांना भेटायला जा. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे देणे हे आमच्यावर बंधन आहे आणि त्यासाठी आम्हालाही करार आणि तुमचे आधार लागतेच. त्यामुळे ‘काका, करार लवकर करून टाकू, म्हणजे तुमचीही पोलीस नोंद होऊन जाईल’ असे म्हणालात तर कोणताही समजूतदार मालक नाही म्हणणार नाही. आमच्याकडे गेल्या करारावेळी माझाच अंगठा यंत्रात उमटेना. धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. चार वेळा ठेवला, ओल्या फडक्याने पुसून ठेवला, शेवटी दुसऱ्या हाताच्या बोटावर काम झाले. आणि तोपर्यंत आमच्याकडची दोन मुले शांतपणे बसून होती, त्यांनीच मला पाणी आणून दिले. त्या मुलांचे डिपॉझिट मी घर सोडायच्या दिवशी, किल्ली घेताना हातात दिले.

एक काम आजच कर. सगळ्या घराचे फोटो काढ : भिंतींवरची ओल, न्हाणीघरातला फुटलेला नळ, खिडकीची तडकलेली काच, गाद्यांवरचे डाग. जिन्याखाली जाऊन विजेच्या मीटरचा आकडाही फोटोत घे. हे फोटो मालकांना पाठवून ठेव. पावसाळ्यात आलेली ओल तुमच्या नावावर पडू नये, यासाठी याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. आणि रात्री दहानंतर आवाज कमी ठेवा. आमच्याकडे तक्रार शेजाऱ्यांकडूनच येते, आणि मग चांगल्या मुलांनाही घर सोडायला सांगावे लागते.

उत्तर ३ : तिसरे_वर्ष_आंबेगाव

मी वाशीम जिल्ह्यातली, तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून मैत्रिणींबरोबर आंबेगावला राहते. करारावर वर चांगले लिहिले आहे, म्हणून त्यात एवढीच भर घालते की शिष्यवृत्तीसाठीही तो लागतो. मला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा मी समाजकल्याणच्या स्वाधार योजनेसाठी अर्ज केला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेत पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि माझे राहणे-जेवणे त्यावरच चालते. तुझे वडील अल्पभूधारक असतील, तर तुझ्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तीन एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आतच झाले. तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचा दाखला काढायला वडिलांना आजच सांग, कारण महाडीबीटीची, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी ऑनलाइन अर्जांची, मुदत चालू असते तेव्हा तहसिलीत गर्दी असते आणि दाखला हातात नसेल तर त्या वर्षाचा भत्ता हातचा जातो.

जेवणाबाबत माझे मत असे आहे की या सत्रात स्वयंपाकाच्या नादी पूर्णपणे लागू नका. आम्ही पहिल्या महिन्यात उत्साहाने दोन्ही वेळ स्वयंपाक केला आणि सहाव्या दिवशी कणीक कोणी मळायची यावरून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आता दुपारचा डबा आणि रात्रीची मेस लावली आहे, घरी चहा आणि पोहे-उपम्यापुरतेच करतो. मेस लावण्यापूर्वी तीन दिवस सुटे पैसे देऊन जेवून पाहा आणि खाड्यांचा नियम नीट विचारा. आमच्याकडे सलग चार खाडे असतील आणि आदल्या दिवशी सांगितले असेल तरच पैसे वजा होतात. हे माहीत नसल्यामुळे मी गणपतीला गावी गेले तेव्हाचे सगळे पैसे फुकट गेले. गॅससाठी मोठ्या सिलिंडरच्या मागे लागू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो आणि चहा-नाश्त्याला तो पुरेसा होतो.

पाण्याचे मात्र मनावर घे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली आणि दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले. त्या काळात आमच्या समोरच्या इमारतीतला एक मुलगा रुग्णालयात होता; हातापायांतली ताकद गेल्यामुळे त्याला चमचाही धरता येत नव्हता. तेव्हापासून आम्ही पिण्याचे पाणी रोज रात्री खळखळ उकळतो, झाकून ठेवतो आणि सकाळी बाटल्या भरून कॉलेजला नेतो. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, हे वॉचमनकाकांना विचारायला लाजू नकोस.

विजेचे एक गणित सांगते. गिझर साधारण २,००० वॉटचा असतो, म्हणजे तो तासभर चालला की दोन युनिट होतात. चौघांनी रोज पंधरा-पंधरा मिनिटे लावला तर महिन्याला साठ युनिट एकट्या गिझरचे झाले, आणि महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो. आम्ही एका मागोमाग एक आंघोळी करून तो वेळ अर्ध्यावर आणला. खर्चासाठी दाराच्या मागे एक वही टांगली आहे. ज्याने जे आणले ते त्याच दिवशी लिहायचे आणि रविवारी हिशेब मिटवायचा. रविवार टळला की कुरबुर सुरू होते.

आता अभ्यास. घरात शांतता होईल या आशेवर बसू नकोस, ती होत नाही. कॉलेज सुटल्यावर फ्लॅटवर न जाता थेट कॉलेजच्या अभ्यासिकेत दोन तास बस आणि त्या दोन तासांत फक्त एम टू कर. जर्नल आणि असाइनमेंट मित्रांबरोबर घरी लिहिता येतात, गणित येत नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस. बाहेर राहायला आल्यावर सकाळचे पहिले लेक्चर कसे सुटत जाते ते कळत नाही, आणि टर्म ग्रँटच्या, म्हणजे परीक्षेआधी सत्र मंजूर करून घेण्याच्या, वेळी सरांच्या दारात उभे राहावे लागते. रात्रीच्या आवाजाबद्दल मित्रांशी भांडण्यापेक्षा खोल्यांची वाटणी बदला. लवकर झोपणारे दोघे एका खोलीत आणि जागणारे दोघे दुसऱ्या खोलीत, एवढ्यानेच आमच्याकडचे निम्मे वाद मिटले.

जिंतूर_ते_पुणे (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी आम्ही चौघे मालकांकडे जाऊन आलो. डिपॉझिट मिळाल्याचे त्यांनी आमच्यासमोरच व्हॉट्सअॅपवर लिहून दिले. बारा महिन्यांचे कारण सांगितल्यावर त्यांच्या पत्नीच म्हणाल्या की परीक्षेत मुलांनी घर कुठे शोधायचे, आणि त्यामुळे करार ३० जूनपर्यंतचा करायचे ठरले. काल संध्याकाळी यंत्र घेऊन माणूस आला होता. आमच्या चौघांचे अंगठे लगेच उमटले. मालकांचा तिसऱ्या वेळी उमटला, तेव्हा मला वारज्याच्या काकूंची आठवण झाली. रंगाचे पैसे कापायचे नाहीत, फक्त मोडतोड असेल तर तिचाच खर्च द्यायचा, असे करारात आले आहे.

मीटरचा फोटो काढला, तेव्हा आकडा ४२१७ होता. मालकांनीही तो त्यांच्या वहीत लिहून घेतला. खोल्यांची वाटणी आजपासून बदलली आहे आणि दाराच्या मागे वही टांगली आहे; तिच्यात पहिली नोंद पाणी उकळायच्या पातेल्याची आहे. वडिलांशी फोनवर बोललो, ते सोमवारी दाखल्यासाठी जिंतूरला तहसीलमध्ये जाणार आहेत. डिपॉझिटचे कागदावर आले, हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग तिकडे पाऊस चांगला झाला असून सोयाबीन उगवून आल्याचे त्यांनी सांगितले.