नव्वद दिवसांच्या घटस्फोटाला काय म्हणावं?

पाणकणीस
क्रायटेरियन कंपनीने २०१८ साली काढलेली 'द ऑफुल ट्रुथ' या जुन्या विनोदी सिनेमाची (१९३७) ब्लू-रे डिस्क घरी आहे. आईला त्यातला नट कॅरी ग्रँट फार आवडतो, पण तिला हल्ली ऐकू कमी येतं आणि डिस्कवर सबटायटल्स इंग्रजीच. म्हणून मराठी करायला घेतलीत. अडलंय ते कोर्टाच्या प्रसंगात. जेरी आणि ल्यूसीला घटस्फोट मिळतो, पण तो पक्का होणार ९० दिवसांनी. इंग्रजीत 'इंटरलॉक्युटरी डिक्री'. कोशात 'वादकालीन' सापडलं, पण इथे दावा तर निकालात निघालाय! पुढचा सगळा सिनेमा या ९० दिवसांवर उभा आहे, त्यामुळे शब्द नेमका हवा.

जुनी वही
'अंतरिम हुकूमनामा'.

चाफेकळी
हुकूमनामा वाचेपर्यंत पुढचं वाक्य निघून जाईल हो. 'कच्चा घटस्फोट' लिहा. कच्चं लायसन, पक्कं लायसन म्हणतोच की आपण.

जुनी वही
न्यायाधीशाच्या तोंडी 'कच्चा'? आणि सबटायटल नव्हे, उपशीर्षक.

चाफेकळी
कच्चा कैदी कुठून आला मग? कोर्टातूनच ना?

तालुका कोर्ट
वकिली करतो म्हणून सांगतो. आपल्याकडे परस्परसंमतीच्या घटस्फोटात (कलम १३ब) सहसा सहा महिने थांबायचं असतं, पण ते हुकूमनाम्याच्या आधी. जवळची गोष्ट जुनीच आहे: १९७६ पूर्वी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे हुकूमनाम्यानंतर वर्षभर दुसरं लग्न करता येत नसे. मात्र पहिलं लग्न तेव्हाही मोडलेलंच असे. सिनेमातली दोघं शेवटच्या रात्री बारा वाजेपर्यंत कायद्याने नवराबायकोच आहेत. त्यामुळे 'कच्चा' चालेल असं माझं मत.

ताम्हण
माझा आक्षेप 'घटस्फोट'लाच आहे. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे बहिष्काराचा विधी. पतित माणूस जिवंत असताना तो मेला असं धरून त्याच्या नावाचा पाण्याने भरलेला घडा पायाने उलथवायचा. हा शब्द आपण संसार मोडलेल्या बाईला चिकटवला! माझ्या आत्तेआजीची काडीमोड झाली होती. पंचांसमोर गवताची काडी मोडली, दोघं आपापल्या वाटेने गेली. ती शेवटपर्यंत 'काडी मोडली' एवढंच म्हणायची. त्यात कुणाचं मरण नव्हतं.

जुनी वही
शब्दाचा अर्थ आजच्या वापरातून ठरतो. घटस्फोट म्हणताना घडा कुणाच्या मनात येतो?

चाफेकळी
मग 'सबटायटल'लाही हाच न्याय लावा की.

तालुका कोर्ट
आमच्याकडे जुनी पक्षकार मंडळी अजून 'फारकत' म्हणतात. मूळ 'फारखती', म्हणजे देणं फिटल्याची चिठ्ठी. मला तो शब्द सगळ्यांत सभ्य वाटतो. हिशेब चुकता, विषय संपला.

ताम्हण
बायको म्हणजे देणं?

तालुका कोर्ट
चिठ्ठी दोघांनाही मोकळं करते, ताई.

पाणकणीस
काडीमोड आवडलं. 'काडी वाकलीय, मोडायची आहे' असंही सुचलं, पण ते न्यायाधीश म्हणणार नाही, ल्यूसीची पॅट्सी मावशी म्हणेल. आता कव्हरवरचा 'स्क्रूबॉल' (अशा चक्रम विनोदी सिनेमांचं इंग्रजी नाव) राहिला. 'विक्षिप्त विनोदपट' निर्जीव वाटतं.

चाफेकळी
मूळ शब्द बेसबॉलचा. नेहमीच्या वळणाच्या उलट वळणारा चेंडू. म्हणजे आपली गुगलीच! 'गुगली विनोदपट' करा.

जुनी वही
गुगली मराठी कधीपासून? 'तिरपागडा' हा अस्सल शब्द पडून आहे, तो वापरा.

ताम्हण
तिरपागडा माणूस एकटाच असतो. इथे दोघांनी मिळून एकमेकांना चकवायचं आहे. दोघांचा कुत्रा कुणाकडे राहणार हे कोर्टात ठरताना ल्यूसी खेळणं लपवून आणते आणि न्यायाधीशासमोर त्याला आपल्याकडे ओढून घेते, याला तिरपागडं कसं म्हणणार?