विषय : पोपभेटीच्या नाण्याखालील पाटी

सचिव :
सप्रेम नमस्कार. शनिवारच्या नाणेप्रदर्शनासाठी पोप पॉल सहावे यांच्या १९७० मधील मनिला भेटीचे एक पिसोचे (पिसो म्हणजे फिलिपिन्सचे चलन) नाणे घरमालकीणबाईंनी उसने दिले आहे. पाटीवर ‘चांदी’ लिहावे की ‘निकेल’, हे आज रात्रीपर्यंत कळवावे, कारण पाट्या उद्या छपाईला जातील. नाणे बरेच काळवंडले असल्याने ते चिंचेने घासून घेते.

खजिनदार :
ताई, कृपया घासू नये. घासलेल्या नाण्याची संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते आणि भरपाईचा आकडा शेवटी माझ्याच वहीत येतो. हे एक पिसोचे नाणे निकेल, चांदी आणि सोने अशा तिन्ही धातूंत काढले गेले होते, त्यामुळे दर्शनी मूल्यावरून धातू ठरणार नाही. मात्र जवळ लोहचुंबक धरल्यास निकेल ओढले जाते, चांदी जात नाही. भोक पाडून नाणे साखळीला टांगण्याची सूचनाही मागे घ्यावी, कारण १९७३ च्या अध्यादेश क्रमांक २४७ नुसार येथे फिलिपिन्समध्ये चलन विद्रूप करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सजावट समिती :
टांगण्याची सूचना आमची होती. जे नाणे भाजीवालासुद्धा घेणार नाही त्याला चलन म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. तरीही भोक पाडणार नाही. कपाटाची मांडणी मात्र आमच्याकडेच राहू द्यावी.

वसईकर काका :
धातूवर एवढी चर्चा झाली, पण कोणती बाजू वर ठेवायची हे कोणीच विचारले नाही. एका बाजूला पोपमहोदय आहेत, दुसऱ्या बाजूला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस. हेच पोप १९६४ मध्ये मुंबईला आले तेव्हा आमचे वडील वसईहून ओव्हल मैदानावर गेले होते आणि ती गर्दी ते आम्हाला जन्मभर सांगत राहिले. तेव्हा माझे मत उघड आहे. मनिलाच्या विमानतळावर पाद्र्याच्या वेशातील एका बोलिव्हियन चित्रकाराने त्यांच्यावर सुरीहल्ला केला होता, तेही पाटीवर यावे.

सजावट समिती :
पाटी चार ओळींची आहे, काका. मार्कोस झाकले तरी राजकारण आणि दाखवले तरी राजकारण, म्हणून नाणे काचेच्या घडवंचीवर ठेवून खाली आरसा लावू.

सचिव :
नाणे चुंबकाला चिकटले. पाटीवर ‘निकेल’ जाईल, हल्ल्याची एक ओळही बसवते. आरसा कोण आणणार?

खजिनदार :
नवा विकत घेऊ नये.