पोरगा सेलिंगला, आई-बाप वाऱ्यावर

शाळामास्तर

मुद्दा आधी सांगतो, रडगाणं नंतर. नौदलातल्या अविवाहित पोरांच्या आई-वडिलांसाठी प्रत्येक बेसवर एक माणूस नेमावा, त्याचा एक फोन नंबर असावा. जहाज मोहिमेवर गेलं की त्यानं आठवड्यातून एकदा एवढंच कळवावं, "सगळे ठीक आहेत." जहाज कुठे आहे, काय करतंय, कधी परतणार, यातलं काही नको.

आता रडगाणं. पोरगा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेला, पहिल्या तुकडीतला. मार्च २०२३ मध्ये नौदलाच्या चिल्का प्रशिक्षण केंद्रात त्यांची पासिंग आउट परेड झाली, तीही सूर्य मावळल्यावर, दिव्यांच्या उजेडात. आम्ही दोघं रेल्वेनं ओडिशापर्यंत जाऊन आलो. त्या दिवशी पालकांचं कौतुक होतं, बसायला खुर्ची होती. भरती झाला तेव्हा तो अठराचाही नव्हता, म्हणून फॉर्मवर माझी सही. ४८ लाखांच्या विम्याला वारस म्हणून त्याच्या आईचं नाव. म्हणजे पोरगं देताना आम्ही लागतो आणि, देव न करो, त्याचं काही झालं तर पुन्हा आम्ही लागतो. मधल्या चार वर्षांत आम्ही कोण?

मे २०२५ मध्ये त्याचा फोन आला, "पप्पा, सेलिंगला चाललोय, फोन लागणार नाही." त्यानंतर १९ दिवस काही नाही. ८ मेच्या रात्री, पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना, काही चॅनेलवाले कराची बंदर आपल्या नौदलानं उडवल्याचं ओरडून सांगत होते. माझी बायको त्या आगीच्या चित्रांसमोर पहाटेपर्यंत बसून होती. तिला कराचीचं काय, ज्यांनी उडवलं म्हणतात ते परत आले का, एवढंच हवं होतं. पुढे कळलं की तसं काही घडलंच नव्हतं. ११ तारखेला नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं की विमानवाहू नौकेचा ताफा उत्तर अरबी समुद्रात सज्ज होता. ते ऐकून ही झोपली. खरी बातमी माणसाला झोपवते, ही माझ्या घरातली साक्ष.

मधल्या दिवसांत मी खटपट करून एका बेसच्या गेटचा नंबर मिळवला होता. पलीकडचा पोरगा अदबीनं म्हणाला, "सर, हम कुछ नहीं बता सकते." त्याचं काही चुकलं नाही. बोलायला नेमलेला माणूसच नाही, हे चुकतंय.

लग्न झालेल्याची बायको क्वार्टरमध्ये असते, शेजारी त्याच जहाजावरच्यांची बिऱ्हाडं. कल्याण संघटना, मेळावे, समुपदेशन, सगळं बंदराच्या शहरात. अग्निवीराला चार वर्षं लग्न करायला मनाई आहे. म्हणजे त्याचं घर म्हणजे आई-बापच, आणि ते बसलेत गावाकडे.

निवृत्त चीफ

मास्तर, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पण मागणी चुकीची आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

'सगळे ठीक आहेत' हा निरोप तुम्हाला निरुपद्रवी वाटतो. समजा दर रविवारी तो येतो. एका रविवारी आला नाही, तर तीनशे घरांत एकाच वेळी आक्रोश. निरोप न येण्याचं कारण काहीही असेल, जहाजानं रेडिओ बंद ठेवला असेल, पण तेवढ्यावरून ज्याला ओळखायचंय तो ओळखेल की या जहाजाचं आज काहीतरी वेगळं चाललंय. म्हणजे तुमचा तो एक शब्द न बोलूनही बोलतो. आणि तीनशे घरांतला एक तरी भाऊ, एक तरी मावसा तो गावच्या ग्रुपवर टाकणारच, जहाजाच्या नावासकट. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात नौदलातल्या सात जणांना अटक झाली. त्यानंतर जहाजांवर आणि बेसवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद झालं. ती पोरं काही गद्दार म्हणून जन्मली नव्हती. समोरच्यानं गोड बोलून थोडं थोडं काढून घेतलं. आई-बापांकडून काढून घेणं तर आणखी सोपं.

व्यवस्था नाही असंही नाही. प्रत्येक सेलरला एक डिव्हिजनल ऑफिसर असतो, डीओ. पोराचं घर, पैसा, रजा, भांडणं, सगळं बघणं हे त्याचं काम. त्याला पत्र लिहा. पत्ता सोपा आहे: जहाजाचं नाव, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. पूर्वेकडचं जहाज असेल तर विशाखापट्टणम.

खारा वारा

१९ दिवसांत एवढं? आमच्या आईनं तीन-तीन महिने आंतर्देशीय पत्राची वाट बघितली. कुठे बोभाटा केला नाही.

जुनी आळी

खारा वारा, बोभाटा केला नाही म्हणजे सोसलं नाही असं नव्हे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. माझी आजी सांगायची, त्या महिन्यात आळीत पोस्टमन वळला की ज्या घरातलं पोर नौदलात त्या घरातल्या बायका मागच्या दारानं परसात जायच्या. पत्र घ्यायला नको म्हणून. ते दिवस चांगले होते म्हणून मिरवायची काय गरज?

शाळामास्तर

चीफसाहेब, रविवारचा तुमचा मुद्दा मी दोनदा वाचला. मला तो सुचला नव्हता. ठरावीक दिवसाचा निरोप नको, मान्य.

पण डीओचं पत्र पटत नाही. डीओ जहाजावर, पोरगाही जहाजावर, आणि पत्र बंदरात पडून. आईला अटॅक आला तर मी फ्लीट मेल ऑफिसला पोस्टकार्ड टाकू?

बंदरावरची सून

मी नौसैनिकाची बायको. क्वार्टरमध्ये राहते. काका, तुम्हाला वाटतं आम्हाला कळतं. काय कळतं? जहाज धक्क्यावर नाही एवढं कळतं, ते खिडकीतूनही दिसतं. बाकी शेजारणीला जेवढं माहीत तेवढंच मला. फरक एवढाच की घाबरायला सोबत असते. गॅस संपला, पोर तापलं, तर बाजूची येते. ती सोबत मोठी आहे, नाकारत नाही.

उलट माझंच एक गाऱ्हाणं आहे. मे महिन्यात सासूबाईंचे दिवसाला सहा फोन. "तुला माहितीये, तू सांगत नाहीस." सांगायला काही नसताना रोज नवं काय सांगू? शेवटी मी खोटं बोलले, ऑफिसमधून निरोप आलाय म्हटलं. त्या शांत झाल्या, पण मला आठवडाभर धड जेवण गेलं नाही. उद्या काही विपरीत झालं असतं तर? म्हणून आई-वडिलांसाठी वेगळा माणूस हवा या मागणीला माझा पाठिंबा आहे, अगदी स्वार्थापोटी. तो नसला की ते काम सुनेच्या गळ्यात पडतं.

खारा वारा

आणि लग्न झालं की कागदावर नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यात जवळचं नातं, सून होते, सासू-सासरे बाजूला. त्यावरही बोला की. सियाचीनला शहीद झालेल्या एका कॅप्टनच्या आई-वडिलांनी २०२४ मध्ये जाहीरपणे तो नियम बदलायची मागणी केली होती.

बंदरावरची सून

तो विषय पैशांचा आणि हक्कांचा. इथे काळजीचा चाललाय. दोन्ही एकत्र केले की काळजी बाजूला राहते आणि सगळे सुनेला शिव्या घालतात, पाहिलंय. त्या वादात मी पडणार नाही.

बोटीवरच्याची आई

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले तेव्हा त्याच्या कंपनीनं आपणहून फोन केला, बोट वळवून आफ्रिकेला वळसा घालून नेतोय म्हणून. खासगी कंपनीला जे जमतं ते सरकारला जमू नये?

निवृत्त चीफ

ताई, व्यापारी जहाज स्वतःची जागा यंत्रावर सांगतच फिरतं, तुम्ही मोबाइलवरसुद्धा बघू शकता. युद्धनौकेवर ते बंधन नाही. तुलना इथेच संपते. तुमच्या मुलाच्या जहाजाची वाट सुरक्षित राहावी म्हणूनच मास्तरांच्या पोराच्या जहाजाला आपली वाट लपवावी लागते. ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात आपली गस्त चालू आहे. मार्च २०२४ मध्ये चाच्यांच्या ताब्यातलं 'रूएन' जहाज सोडवलं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले, ४० तासांची कारवाई. त्या ४० तासांत आयएनएस कोलकातावरच्या पोरांच्या घरी कोणी फोन करायला हवा होता का?

जुनी आळी

त्या ४० तासांत नको. पण एकेचाळिसाव्या तासाला? फोटो तर आम्ही सगळ्यांनी ट्विटरवर पाहिले. पोराच्या घरीही तेव्हाच दिसले असणार, आम्हा परक्यांच्या बरोबरीनं.

परदेशस्थ माय

आमचं घर अमेरिकेत आणि मुलगा तिथल्या नौदलात, म्हणून जरा वेगळी माहिती देते. तिथे १९७० पासून 'ओम्बड्समन' पद्धत आहे. ही व्यक्ती बहुतेक वेळा जहाजावरच्याच कुणाची तरी जोडीदार असते, रीतसर शिकवून तयार केलेली. ती जहाजप्रमुख आणि कुटुंबं यांच्यातला दुवा. जहाजाच्या हालचाली तीही सांगत नाही. तिचं खरं काम म्हणजे कुणाला कुठल्या मदतीसाठी कुठे पाठवायचं ते सांगणं आणि अफवा थांबवणं. घरी कुणी अत्यवस्थ झालं तर रेडक्रॉसला कळवायचं, ते डॉक्टरकडे खात्री करून जहाजावर संदेश पोचवतात. ही सोय आई-वडिलांनाही आहे.

पण मास्तर, एक गोष्ट ऐका. तिथेही आई-बापाला आपोआप काही मिळत नाही. मुलानं आमची नावं दिली तर त्या यादीत आम्ही. माझ्या मुलानं पहिल्या वर्षी दिलीच नव्हती. विसरला म्हणाला.

शाळामास्तर

विसरला?

सेलर होतो

विसरला नसेल. मी सांगतो. काका, रागावू नका.

मी काही वर्षं नौदलात होतो, आता बाहेर आहे. माझ्या आईचा बीपी माझ्या फोनवर अवलंबून. बंदराला लागलो की पहिला फोन तिला, आणि ती पहिलं विचारायची, "कुठे होतास, किती दिवस, पुन्हा कधी जाणार?" माझ्याकडे तिन्हींचं उत्तर नसायचं, असलं तरी देता यायचं नाही. मग मी सेलिंगला चाललोय हे सांगणंच बंद केलं. "ट्रेनिंग आहे, फोन जमा करून घेतलेत" म्हणायचो. मेसमधल्या निम्म्या पोरांची हीच थाप असायची. म्हणून कुणी नेमलेला माणूस माझ्या घरी फोन करून "तुमचा मुलगा मोहिमेवर आहे, ठीक आहे" म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. आईला काय सांगायचं हे मी ठरवणार, बेस नाही.

खरं सांगायचं तर ते भांडण माझं माझ्याशीच असतं. एकदा आमचं जहाज तीन आठवडे बाहेर असताना आईच्या पायाचं ऑपरेशन झालं. ते मला परत आल्यावर कळलं. तीही माझ्यापासून लपवत होती. दोघंही एकमेकांना सांभाळत होतो म्हणे.

बंदरावरची सून

हे सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

निवृत्त चीफ

या पोरानं बरोबर बोट ठेवलं. हाच माझा मूळ आक्षेप होता, मला नीट मांडता आला नाही. पोरगा सज्ञान आहे. भरतीच्या फॉर्मवर मास्तरांची सही लागली ती तो तेव्हा सज्ञान नव्हता म्हणून. अठरा झाला, सहीचा हक्क संपला.

शाळामास्तर

हक्क संपला, काळजी नाही संपली. पण बरं. मागणी बदलतो. अर्धी माझी, अर्धी तुमची.

एक: सेलिंगच्या आधी पोरानं स्वतः एक कागद भरावा, कुणाला कळवायचं, काय कळवायचं, कुणाला मुळीच कळवायचं नाही. दोन: घरून जहाजाकडे जाणारा निरोप. आजारपण, मृत्यू, पूर, आग. तो घ्यायला किनाऱ्यावर नाव असलेला माणूस हवा, आणि तो मराठी-हिंदी बोलणारा हवा. माझं इंग्रजी चालतं, माझ्या शेजारच्या धनगराच्या पोराच्या बापाचं नाही चालणार. तीन: मोहीम संपली की, एकेचाळिसाव्या तासाला म्हणा, चॅनेलच्या आधी घरी कळावं.

बाहेर येणारा दर आठवड्याचा निरोप मी सोडून दिला.

निवृत्त चीफ

दुसऱ्याला जागा आहे आधीच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. घरच्या संकटाची खात्री करून युनिटला कळवतात, रजेसाठी ते कामी येतं. पहिलं चालेल. तिसऱ्याला माझा विरोध कायम. शेकडो फोन करण्यात वेळ घालवायचा की पुढच्या मोहिमेची तयारी?

जुनी आळी

सैनिक कल्याण कार्यालयात मी एका शेजाऱ्यासोबत गेलो होतो. खिडकीवरचा पहिला प्रश्न, "माजी सैनिक ओळखपत्र?" पोरगा अजून माजी झालेला नाही हे समजावण्यात अर्धा तास गेला. माणसं वाईट नव्हती. त्यांच्याकडे येणारे सगळे माजीच. अग्निवीरांचे आई-बाप त्यांना अजून दिसलेलेच नाहीत.

खारा वारा

आणि चार वर्षांनी पंचाहत्तर टक्के पोरं घरी येणार, पेन्शनशिवाय. तेव्हा कुठल्या खिडकीवर जाणार?

शाळामास्तर

ते पोराची चार वर्षं भरली की आमच्याच घरी कळेल. नौदलात राहणाऱ्या पंचवीस टक्क्यांत की घरी येणाऱ्या पंचाहत्तरमध्ये. तो विषय पोरगा घरात काढू देत नाही.

चीफसाहेब, तिसऱ्यावर आपलं जमणार नाही, राहू द्या. डीओला पत्र मात्र लिहायला घेतलंय. काय लिहायचं नसतं तेवढं सांगा.

निवृत्त चीफ

जहाज कुठे गेलं होतं, कुठे जाणार, टीव्हीवर काय पाहिलं, यातलं काही नको. पोराचा सेवा क्रमांक, नाव, तुमचा फोन, तुमच्या दोघांच्या तब्येतीचं काही असेल तर ते, आणि अडचणीच्या वेळी घरचं कोण धावून येतं त्याचं नाव. पत्र पोराला सांगून लिहा, त्याच्या मागून नको. डीओ त्याला बोलावून विचारणारच.

शाळामास्तर

सांगून लिहायचं म्हणजे आधी त्याचा फोन यायला हवा. ठीक. कच्चं लिहून ठेवतो.