न्यूझीलंडचं दक्षिण बेट: मोटरहोमने डोंगराळ भाग आणि वाटेत ट्राउट गरवणं, माहिती हवी

सिंहगडकर:
नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चौघं (दोन मोठे, ९ आणि १३ वर्षांची मुलं) क्राइस्टचर्चला चार बर्थचं मोटरहोम घेणार आहोत. मार्ग ढोबळमानाने असा: टेकापो, ट्विझेल, माउंट कुक, लिंडिस पास, वानाका, हास्ट, मग पश्चिम किनाऱ्याने वर येऊन आर्थर्स पासमार्गे परत. हाताशी दोन आठवडे. कोकणात खाडीवर गरवायची सवय आहे, थंड पाण्यातल्या ट्राउटची नाही. ७ फुटी स्पिनिंग रॉड आणि ३००० चं रील सोबत आणतोय. लायसन्स कसं काढायचं, गरवायला कुठे थांबावं, रात्री गाडी कुठे लावता येते, आणि हमखास काय चुकतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

दोरा_आणि_गरी:
आधी लायसन्स. फिश अँड गेम या तिथल्या मासेमारी-शिकारीच्या मंडळाच्या साइटवरून ऑनलाइन काढा. परदेशी पर्यटकांसाठी वेगळा प्रकार आहे, एका दिवसाचं किंवा पूर्ण मोसमाचं. ते प्रत्येकाच्या नावावर वेगळं लागतं, त्यामुळे मुलं स्वतः रॉड धरणार असतील तर त्यांचंही काढा. हे लायसन्स उत्तर बेटावरच्या टाउपोला चालत नाही, पण तुमच्या मार्गावर तो प्रश्न नाही. काही नाजूक नद्यांना त्यावर जादा परवाना लागतो, त्या पहिल्या खेपेला सोडून द्या.

बहुतेक नद्या १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल खुल्या असतात. डोंगरातले वरचे प्रवाह नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतात, म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. तरी प्रत्येक पाण्याचे नियम वेगळे. एकाच नदीत पुलाच्या वर फक्त फ्लाय (पिसा-दोऱ्याचा नकली किडा) आणि खाली स्पिनर (फिरतं धातूचं आमिष) चालतो, असंही असतं. किती मासे ठेवता येतात तेही पाण्यागणिक बदलतं. प्रदेशाचं नियमपत्रक फोनवर उतरवून ठेवा, कारण लिंडिस आणि हास्टच्या पट्ट्यात रेंज मिळेलच असं नाही.

तुमच्या रॉडला सगळ्यात सोपं पाणी म्हणजे टेकापो आणि ट्विझेलजवळचे जलविद्युत कालवे. तिथे सॅमन पाळायचे तरंगते पिंजरे आहेत. पिंजऱ्यांतून वाहून जाणारं खाद्य खाऊन खालच्या बाजूची ट्राउट अफाट वाढते. ब्राऊन ट्राउटचे जागतिक विक्रम इथल्याच ओहाऊ कालव्यातले आहेत. ६ ते ८ पौंडी दोरा, ७ ग्रॅमचं जिग हेड (वजन ओतलेली गरी) आणि त्यावर सॉफ्ट बेट (मऊ रबरी आमिष) लावा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं फेका, तळाला टेकू द्या, टोक अलगद उचला, पुन्हा टेकू द्या. मासा बहुतेकदा ते खाली जातानाच घेतो, म्हणून दोरा कधी ढिला सोडू नका.

कालव्याचा काठ म्हणजे उतरता दगडी भराव. दोरा दगडावर घासतो आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटतो. दर अर्ध्या तासाने शेवटचा मीटरभर दोरा बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. खरखरीत लागला की तेवढा कापून गरी नव्याने बांधा. लांब दांड्याचं जाळं हवंच. वीज केंद्र चालू-बंद होईल तसा प्रवाहाचा जोर बदलतो, पाणी बर्फाळ असतं, म्हणून मुलांना लाइफ जॅकेटशिवाय काठावर उभं करू नका.

पाणवठा:
वरचं सगळं बरोबर, पण आधी स्वच्छतेचं बघा. दक्षिण बेटावर डिडिमो नावाचं शेवाळ २००४ साली सापडलं. त्याच्या सुट्या पेशी डोळ्यांना दिसतही नाहीत आणि एका ओल्या मोज्यातून पुढच्या नदीत जातात. म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बूट, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), जाळं, दोरा सगळं साफ करायचं. हा कायदा आहे.

मोटरहोममध्ये ते असं जमतं. झाकणाची मोठी प्लास्टिकची पाटी विकत घ्या. ५०० मिली भांड्यांचा लिक्विड साबण घेऊन त्यात पाणी घालत एकूण १० लिटर करा, म्हणजे ५ टक्के द्रावण होतं. चिखल-शेवाळ नदीकाठीच काढून टाका, मग वस्तू किमान एक मिनिट पूर्ण बुडवा. मोजे, बुटातलं अस्तर, जाळं अशा पाणी पिणाऱ्या वस्तू दहा मिनिटं. ते पाणी नदीच्या आसपास ओतू नका, डंप स्टेशनवर (मोटरहोमचं सांडपाणी ओतायच्या जागी) न्या. नुसतं वाळवायचं ठरवलंत तर हाताला आतून-बाहेरून कोरडं लागल्यावर आणखी ४८ तास थांबावं लागतं. रोज गाव बदलणाऱ्याला ते परवडत नाही. फेल्ट (नमद्याच्या) तळाचे बूट तिथे बंद आहेत, रबरी तळाचेच न्या.

विमानतळावर वापरलेलं सामान आणि खाण्याच्या सगळ्या वस्तू फॉर्मवर लिहा. रॉड, रील, बूट धुऊन खडखडीत वाळवलेले असू द्यात. लिहिलं नाही आणि सापडलं तर ४०० डॉलर दंड जागच्या जागी. मसाल्याची पाकिटं बंद आणि लेबलसकट असली की बोलणं सोपं जातं. ताजा कढीपत्ता घरीच ठेवा.

सिंहगडकर:
कालव्याच्या काठीच रात्री गाडी लावली तर चालते का? आणि पाऊस लागला तर नद्यांचं काय?

चार_चाकं_घर:
फलक लावून परवानगी दिली असेल तिथेच. गाडीवर सेल्फ-कंटेन्डचं (स्वतःचं टॉयलेट, पाणी आणि सांडपाण्याची सोय असल्याचं) हिरवं वॉरंट आहे का ते ताब्यात घेतानाच बघा. २०२३ च्या कायद्यानंतर टॉयलेट गाडीला पक्कं बसवलेलं लागतं, सुटं चालत नाही. वॉरंट असलं म्हणजे कुठेही झोपता येतं असं मात्र नाही, प्रत्येक तालुक्याचे नियम वेगळे. माउंट कुकला डॉकचं (तिथल्या संवर्धन खात्याचं) व्हाइट हॉर्स हिल कॅम्पसाइट आहे. अशा साध्या ठिकाणी दोन रात्री, मग एक रात्र वीज असलेल्या हॉलिडे पार्कमध्ये, हा क्रम चौघांना झेपतो. टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैलाटाकी) साधारण १८-२० लिटरची असते, चौघांत दोन दिवसांत भरते. मायक्रोवेव्ह आणि प्लगची वीज पार्कच्या निळ्या केबलवरच चालते. बॅटरीवर फक्त दिवे, पंप, फ्रिज. हीटर डिझेलचा असेल तर टाकी पाव भागाच्या वर ठेवा, त्याखाली बऱ्याच गाड्यांत तो बंद पडतो.

खरा त्रास वाऱ्याचा. मॅकेन्झीच्या (टेकापो-ट्विझेलच्या) माळावर नॉर'वेस्टर हा वायव्येचा वारा सुटला की दार हातातून हिसकलं जातं आणि बिजागरीतून पिळवटतं, ते विम्यात बहुधा येत नाही. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा, एका वेळी एकच दार उघडा, दुसरा हात दारावर. आर्थर्स पासला किया पोपट वायपरचं आणि खिडक्यांचं रबर ओरबाडतात, त्यांना खायला घालू नका.

वेग: गाडीचं एकूण वजन ३५०० किलोच्या वर असेल तर मर्यादा १०० नाही, ९० आहे. स्टिकर बघा. एकेरी पुलावर लाल काठाचा गोल फलक आणि तुमचा बाण छोटा लाल असेल तर थांबायचं. निळा चौकोन आणि मोठा पांढरा बाण असेल तर तुम्ही आधी, तेही समोर बघूनच. मागे गाड्या साठल्या की डावीकडे घेऊन वाट द्या. आर्थर्स पासच्या पश्चिमेकडचा ओटिराचा उतार तीव्र आहे, तुम्ही तो चढणार आहात. इंजिनचं तापमान बघत खालच्या गियरमध्ये घ्या. डिझेल गाडीला दर १०० किमीमागे वेगळा रस्ता-कर लागतो, तो भाड्यात धरलाय का ते विचारा. आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन ठेवा.

दोरा_आणि_गरी:
पावसाचं: नॉर'वेस्टरसोबत सदर्न आल्प्सच्या मुख्य रांगेवर पाऊस कोसळतो आणि हास्टसारख्या नद्या काही तासांत गढूळ होतात. अशा वेळी तळ्यांकडे वळा. वानाका तळ्याला मकारोरा नदी मिळते ते मुख, हावेआ तळ्याचे काठ. गढूळ आणि निवळ पाणी मिळतं त्या रेघेवर, निवळ बाजूने, १० ग्रॅमचा चमचा (चकाकतं धातूचं आमिष) ओढा. पुकाकी तळं दिसायला देखणं, पण हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाने दुधाळ असतं, तिथे वेळ घालवू नका.

आणि ट्राउट तिथे दुकानात विकत मिळत नाही, विक्रीवर बंदी आहे. खायची तर स्वतः गरवलेलीच. सॅमन मात्र ट्विझेलच्या फार्मवर ताजा मिळतो. मासा साफ केल्यावर आतडी-खवले पाण्यात किंवा सिंकमध्ये टाकू नका. दुहेरी पिशवीत बांधून कचरापेटीपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या) टाकीचा वास शॉवरच्या जाळीतून वर येतो.