ट्विट मोजून आंदोलन कळतं का? जुनाखोड यांना उत्तर

अनवट:
परवा जुनाखोड यांची पोस्ट वाचली तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सोशल मीडिया आणि आंदोलनं यावर पेपर लिहिणारे मीडिया स्कॉलर म्हणजे एसीत बसून हॅशटॅग मोजणारी मंडळी, अश्रुधूर खाणार दुसरे आणि प्रोफेसर होणार हे. दोन ओळीत उत्तर देणार होते पण मावेना, म्हणून वेगळा धागा.

आंदोलनांचा अभ्यास करणारी समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची घ्या. २०१३ला इस्तंबूलच्या गेझी पार्कात सरकारविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा ही बाई स्वतः लोकांमध्ये फिरून बोलत होती, तिच्या २०१७च्या पुस्तकाचं नावच ट्विटर अँड टिअर गॅस, म्हणजे ट्विटर आणि अश्रुधूर, असं आहे. पाओलो गेरबाउडो या दुसऱ्या संशोधकाने इजिप्त, स्पेन, अमेरिका तिन्हीकडच्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. यात हॅशटॅग मोजणं कुठे आलं?

आणि तुफेक्ची सोशल मीडियाची आरती ओवाळत नाही, उलट तिचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं त्याच्या विरुद्ध जातं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेला १९६३चा वॉशिंग्टन मार्च बघा. अडीच लाख लोक, बसगाड्या, पाणी, संडास, सगळं महिनोन्महिने बसून ठरवलेलं. आदल्या रात्री कोणीतरी साऊंड सिस्टीमची मोडतोड केली तर आयोजकांनी थेट सरकारवर दबाव आणून लष्कराच्या तंत्रज्ञांकडून ती रातोरात दुरुस्त करून घेतली. ही ताकद कुठून आली? तर आधीच्या त्या सगळ्या कंटाळवाण्या मीटिंगांमधून. आता एका पोस्टवर लाखभर माणसं जमतात, पण मधली ती मेहनत झालेलीच नसते, त्यामुळे सरकारने डाव बदलला की यांना आपला डाव बदलता येत नाही, कारण निर्णय कोणी घ्यायचा हेच कधी ठरलेलं नसतं. हे नुसती ट्विटं मोजून कळलं नसतं आणि नुसतं चौकात उभं राहूनही कळलं नसतं.

जुनाखोड:
माझंच नाव घेतलंय तर बोलतो. मी तरुणपणी युनियनचं काम केलंय, रात्र रात्र पोस्टर चिकटवलीत. संघटना नसेल तर गर्दी दोन दिवसात पांगते हे आमच्यातल्या चहा आणणाऱ्या पोरालाही माहीत होतं, त्यासाठी पुस्तक कशाला लागतं? आणि २०११ला इजिप्तमध्ये उठाव झाला तेव्हा हेच लोक फेसबुक क्रांती फेसबुक क्रांती म्हणून नाचत होते. २०१३ला तिथे लष्कर सत्तेवर आलं आणि सगळ्यांची भाषा बदलली. घटना घडून गेल्यावर शहाणपण कोणालाही सुचतं.

अनवट:
नाचत कोण होतं? २००९ला इराणमध्ये निवडणुकीनंतर आंदोलन झालं, त्या वेळी ट्विटरने देखभालीचं काम पुढे ढकलावं म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विनंती केली होती, हेडलाइनी वर्तमानपत्रांनी दिल्या. त्या उन्मादावर टीका करणारं अख्खं पुस्तक येवगेनी मोरोझोव्ह या अभ्यासकाने लिहिलं, ते २०११च्या सुरुवातीलाच आलं होतं, म्हणजे लष्कर यायच्या बरंच आधी. पत्रकारांचा राग संशोधकांवर काढू नका.

टंकबहाद्दर:
अनवटशी सहमत. जुनाखोड, इंग्लंडमधल्या २०११च्या दंगली आठवतात का? पंतप्रधान कॅमेरून संसदेत म्हणाले होते की हिंसेचा कट शिजत असेल तेव्हा लोकांचा सोशल मीडिया बंद करता येईल का ते बघतोय. मग काही संशोधकांनी २६ लाख ट्विटं तपासली. लोकांना भडकवण्यात ट्विटरचा हात असल्याचं काही त्यांना दिसलं नाही, उलट साफसफाईला या म्हणून बोलावणारी ट्विटं ढिगाने. लंडनच्या झूमधून वाघ सुटला ही अफवा कशी पसरली आणि लोकांनीच ती कशी खोडली तेही त्यात आहे. मुलाखतींमधून कळलं की दंगलखोरांचे निरोप जात होते ब्लॅकबेरी मेसेंजरवर, जे बाहेरून दिसतच नाही. हे मोजलं नसतं तर बंदीवाल्यांना उत्तर काय दिलं असतं?

जुनाखोड:
ठीक आहे, हे एक काम उपयोगाचं झालं म्हणू. पण बघा, तुम्हीच म्हणताय की खरी गोष्ट ब्लॅकबेरीवर होती आणि मोजलं ट्विटर. का, तर ते फुकटात उघडं मिळत होतं म्हणून. जिथे डेटा सोपा तिथेच संशोधन.

रातराणी:
अवांतर आहे पण राहवत नाही. तुम्ही सगळे डेटा डेटा करताय, त्या डेटात मी आहे.

आमच्याकडे पूर आला होता, वरच्या मजल्यावर सासूबाई आणि ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आलेला. मी जाहीर पोस्ट टाकली, पत्ता, नंबर, घाबरून काय काय लिहिलं होतं, शुद्धलेखनाचं भान कुठलं. मदत आली, पोस्ट मी नंतर काढायची विसरले. पुढे एका मैत्रिणीने एक पीडीएफ पाठवली. त्यातल्या तक्त्यात माझं वाक्य जसंच्या तसं, चुकांसकट, आणि शेजारच्या रकान्यात "मदतीचे आवाहन, भावनिक तीव्रता: उच्च". नाव काढलं होतं. पण ते वाक्य सर्चमध्ये टाकलं की सरळ माझं खातं उघडत होतं. मला कोणी विचारलं? त्या विद्यापीठाला मेल केली, आजतागायत उत्तर नाही.

डेटावाला:
मी याच क्षेत्रात काम करतो. वाईट वाटलं, पण जाहीर पोस्ट म्हणजे जाहीर. ऑस्ट्रेलियातल्या २०११च्या क्वीन्सलंड पुराच्या एका हॅशटॅगवर आठवड्याभरात ३५ हजारांवर ट्विटं होती, प्रत्येकाला फोन करून परवानगी मागायची का? ॲक्सेल ब्रुन्स, जीन बर्जेस वगैरे संशोधकांनी ती अभ्यासली म्हणून कळलं की तिथलं पोलीस खातं अफवा खोडायला वेगळा टॅग वापरत होतं आणि लोक तेच पुढे पाठवत होते. यातून पुढे जीव वाचतात. तुमच्या एका पोस्टसाठी हे सगळं बंद करायचं?

रातराणी:
एक पोस्ट? ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र होती. बंद करा असं मी कुठे म्हटलंय ते दाखवा.

जुनाखोड:
बघा. हेच मी परवा म्हणत होतो, भोगणारा एकीकडे आणि पेपर छापणारा दुसरीकडे.

डेटावाला:
जुनाखोड, तुम्ही यात तेल ओतू नका. अशाच तक्रारींचा आडोसा घेऊन कंपन्यांनी दारं लावून घेतलीत. फेब्रुवारी २०२३मध्ये ट्विटरने फुकट एपीआय, म्हणजे ट्विटं थेट उतरवून घ्यायची सोय, बंद करत असल्याचं जाहीर केलं, १४ ऑगस्ट २०२४ला फेसबुकवाल्या मेटाने क्राउडटँगल हे जाहीर पोस्टी कशा पसरतात ते दाखवणारं साधन बंद केलं. आता एखाद्या संकटात अफवा कोण पेरतंय हे कंपनीला दिसतं, आम्हाला नाही. मी तीन वर्षांचं काम अर्ध्यावर सोडलंय, माझ्याबरोबरची एक मुलगी पीएचडीचा विषय बदलून बसली. आणि इथे आम्हीच आरोपी.

टंकबहाद्दर:
कंपन्यांनी ते रातराणीच्या काळजीपोटी नाही केलं हो, ट्विटरने लगेच पैसे लावले त्यावर. दोन्ही गोष्टी एकत्र कालवू नका.

अनवट:
धागा माझ्या हातून गेलाय ते दिसतंय, पण रातराणी म्हणतात तो प्रश्न खरा आहे आणि तो संशोधकांनीच आधी मांडलाय. केसी फिझलर आणि निकोलस प्रोफेरेस यांनी २०१८मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांनाच विचारलं होतं. आपली ट्विटं संशोधक वापरतात हे बहुतेकांना माहीतच नव्हतं, आणि विचारल्याशिवाय वापरू नये असं बऱ्याच जणांचं मत पडलं. इंटरनेट संशोधनाच्या नीतीवर लिहिणारी ॲनेट मार्कहॅम तर कधीपासून सांगतेय की सर्चमध्ये माणूस सापडत असेल तर वाक्य जसंच्या तसं देऊ नका, आशय ठेवून नव्याने लिहा. आंदोलनात तर हे अजूनच गंभीर, तिथे तुमच्या तक्त्यातलं वाक्य पोलीसही सर्च करू शकतात. डेटावाला, तुमच्या क्षेत्रातलीच माणसं आहेत ही.

डेटावाला:
मार्कहॅम मला माहीत आहे. पण वाक्य बदललं की पेपर तपासणारा परीक्षक विचारतो, मूळ पुरावा कुठे? अफवेत तर नेमका शब्दच महत्त्वाचा असतो, तो बदलला तर अभ्यास कशाचा करायचा.

रातराणी:
अफवा पसरवणाऱ्याचा शब्द आणि मदत मागणाऱ्या बाईचा शब्द यात फरक आहे ना? माझ्या वाक्यात कुठली अफवा होती?

जुनाखोड:
रातराणीला पूर्ण पाठिंबा. आणि अनवट, तो साऊंड सिस्टीमचा किस्सा मला माहीत नव्हता, तेवढं तुमच्या बाईंना देतो. आमच्या एका मोर्च्यात माईक बंद पडला तेव्हा अर्धी माणसं भाषण न ऐकताच घरी गेली होती. चौकात जाऊन लिहिणाऱ्यांबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. तक्तेवाल्यांबद्दलचं घेत नाही.

टंकबहाद्दर:
२६ लाख ट्विटं तक्त्याशिवाय कशी वाचणार जुनाखोड?

डेटावाला:
बरं. मदत मागणाऱ्यांची वाक्यं शब्दशः छापायला नकोत हे मान्य, माझ्या पुढच्या पेपरात छापणार नाही. पण मोजूच नका म्हणाल तर नाही ऐकणार. कुठल्या भागातून किती वेळाने मदत मागितली गेली आणि ती पोचली का, हे पोस्टी मोजल्याशिवाय कळत नाही.

रातराणी:
मोजा ना. सिलिंडर किती वेळात पोचला तेही विचारा, मी स्वतः सांगेन, अगदी मिनिटं सांगेन. फक्त ते वाक्य छापू नका, आणि त्या पीडीएफमधून काढून टाकायला कोणाला लिहायचं तेवढं सांगा.

डेटावाला:
विद्यापीठाची एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू बघणारी समिती, असते, त्यांना लिहा, आणि ज्या जर्नलमध्ये आलाय त्याच्या संपादकांनाही. मेलचा मसुदा मी करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.