रुळलेले, मुरलेले आणि कोळून प्यायलेले

लेखी नियम पाठ असणे वेगळे आणि एखाद्या ठिकाणी कामे प्रत्यक्षात कशी होतात हे ठाऊक असणे वेगळे. या दुसऱ्या जाणकारीला तुमच्या कामाच्या जागी काय म्हणतात, आणि ते कोणाबद्दल म्हणतात, हे अनुभवासह लिहावे, असे विचारल्यावर वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरे पुढे आहेत.

मी लेखा विभागात आहे. कोणत्या कागदावर आधी कोणाची सही लागते आणि वर्षअखेरीस कोणते देयक अडते, हे ज्याला न विचारता कळते, त्याला आम्ही ‘मुरलेला’ म्हणतो. मात्र हेच ‘चांगलाच मुरलेला आहे’ असे कोणी आवाज खाली आणून म्हटले, तर त्या माणसाला पळवाटाही ठाऊक आहेत असे समजावे. ‘नियम कोळून प्यायलेला’ याचीही तीच गत आहे. असा माणूस नियम पाळतोच असे नाही.

मी परिचारिका आहे. शीर शोधून सुई लावणे जमू लागले की आम्ही ‘हात बसला’ म्हणतो, पण पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला काय सांगायचे, कोणती नोंद तोंडी सांगून भागत नाही आणि डॉक्टरांना रात्री नेमके केव्हा उठवायचे, हे नवीन मुलगी आपणहून करू लागली, की वरिष्ठ म्हणतात, ‘आता रुळली.’ मला हा शब्द फार प्रिय आहे, कारण हात बसतो तो एकटीचा, आणि रुळते ती सर्वांमध्ये.

नाटकाच्या प्रकाशयोजनेत आम्ही ‘खाचाखोचा माहीत आहेत’ असे म्हणतो. प्रत्येक रंगमंचाच्या खाचाखोचा निराळ्या असतात, त्यामुळे हे कौतुक त्या जागेपुरतेच असते. ‘टक्केटोणपे खाल्लेला’ हे विशेषण मात्र माणसाबरोबर सगळीकडे जाते.

आमच्या तरुण सहकाऱ्यांत ‘सीन माहीत आहे’ हे सर्रास चालते. ‘सेटिंग आहे’ याचा अर्थ मात्र ओळखीच्या बळावर काम करून घेणे असा होतो, आणि ती जाणकारी मानू नये असे माझे ठाम मत आहे.

मी वकिली करतो. आमच्याकडे अजूनही ‘इथला शिरस्ता असा आहे’ असे म्हणतात. हा शब्द फारसीतून आला असून कचेरीतील ‘शिरस्तेदार’ हे पदनाम त्याच्याशीच जोडलेले आहे. कायद्यात उत्तम गुण मिळवलेल्या, पण अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे ठाऊक नसलेल्या नवोदिताबद्दल ज्येष्ठ कारकून म्हणतात, ‘शिरस्त्यातले त्याला ओ की ठो कळत नाही.’