शब्दचर्चा : गुंतलेले कण – ‘कळते’ की ‘कळवता येते’?

प्रश्न : क्वांटम एंटँगलमेंटबद्दल, म्हणजे दूर असलेल्या दोन कणांच्या मोजमापांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली असण्याबद्दल, मराठीत लिहिताना ‘एका कणाचे मोजमाप केले की दुसऱ्याला तत्क्षणी संदेश पोचतो’ अशी वाक्यरचना बरेचदा होते. इथे ‘संदेश’ बरोबर आहे का? आणि एंटँगलमेंटला ‘गुंतागुंत’ म्हणावे का?

उत्तर : ‘संदेश’ साफ चूक. एवढ्या एका शब्दाने सगळे भौतिकशास्त्र उलटे होते. मराठीत दोन क्रियापदे शेजारी शेजारी आहेत, कळणे आणि कळवणे, आणि इथला सगळा मुद्दा त्या ‘व’मध्ये आहे. गुंतलेल्या कणांमुळे दूरचे कळते, पण दूर कळवता येत नाही.

समजा, गुंतलेल्या फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) जोड्यांतला एकेक फोटॉन तुमच्याकडे येतो आणि दुसरा दूरच्या मैत्रिणीकडे जातो. दोघींनी ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) एकाच दिशेने मोजले. प्रत्येक मोजमापाची उत्तरे दोनच, त्यांना ० आणि १ म्हणू. तुमच्या वहीत ० १ १ ० १ ० ० १ असे आकडे आले. जोड्या योग्य तऱ्हेने तयार केल्या असतील, तर तिच्या वहीतही हेच आकडे, याच क्रमाने येतात. म्हणजे पहिला ० दिसताच तिकडेही ० आहे हे तुम्हाला कळले. पण तो ० तुम्ही निवडला होता का? नाही. काय कळवायचे हे कळवणाऱ्याच्या हातात असावे लागते, आणि इथे तेच नसते.

हातात असते ती फक्त मोजण्याची दिशा. ती ४५ अंशांनी फिरवा. तिच्या वहीत तरीही साधारण निम्मे ० आणि निम्मे १, तशीच सरमिसळ. तुम्ही मोजमाप केलेच नाही तरी तेच. तिच्या वहीकडे कितीही रोखून पाहिले तरी तुम्ही काय केलेत याचा मागमूस लागत नाही. फरक पडतो तो जुळण्यात : आधी सगळे आकडे जुळत होते, आता निम्मेच जुळतात. पण हे दिसायला दोन्ही वह्या एकत्र आणाव्या लागतात, आणि वहीतला मजकूर फोनने पाठवा नाहीतर रेडिओने, तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरच्या वर जाणार नाही.

म्हणून ‘परिणाम’ किंवा ‘संदेश’ याऐवजी ‘सहसंबंध’ लिहावे. ‘गुंतागुंत’ मात्र नको, कारण त्याचा अर्थ क्लिष्टता असा रुळलेला आहे. मला ‘गुंतलेपण’ आवडते, ‘गुंतलेले कण’ तर सहज वाचले जाते.

प्रश्न : पण मैत्रिणीने आपल्या फोटॉनच्या हजार प्रती काढल्या तर? त्या वेगवेगळ्या दिशांनी मोजून तुम्ही कोणती दिशा निवडली होती ते ओळखता येईल ना?

उत्तर : फार चांगली शंका. भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी नेमका असाच उपाय मांडला होता. त्यातली खोट शोधताना एक मोठा नियम हाती आला : अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही. १९८२ साली वूटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी तो सिद्ध केला. चुकीच्या कल्पनेने इतके भरघोस काही दिलेले मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : मग उत्तरे आधीच ठरलेली होती, एवढेच म्हणायचे का?

उत्तर : तेही नको. प्रत्येक कण आपापली उत्तरे बरोबर घेऊन निघाला असता, तर सहसंबंधांना एक मर्यादा पडली असती. हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवले. वेगवेगळ्या दिशांनी मोजले की ती मर्यादा ओलांडली जाते. क्लाउझर, आस्पे, झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल याच प्रयोगांसाठी मिळाले.

जाता जाता ‘क्वांटम टेलिपोर्टेशन’बद्दल, म्हणजे गुंतलेल्या कणांच्या मदतीने एका कणाची अवस्था दूरच्या कणावर उतरवण्याबद्दल. तिथेही ‘तत्काळ’ हा शब्द घुसतो. १९९३ च्या मूळ मांडणीतच प्रत्येक क्यूबिटमागे (क्वांटम माहितीच्या एककामागे) दोन साधे बिट, म्हणजे ० किंवा १ असे दोन आकडे, नेहमीच्या मार्गाने पाठवावे लागतात. ते येईपर्यंत पलीकडच्या कणावर कोणती क्रिया करायची हे पलीकडच्याला ठाऊक नसते, आणि त्या कणातून त्याला काहीही वाचता येत नाही.